तुडवलेला कोक

आमच्या घरात भांडी जागेवर राहत नसत. नवऱ्याला राग आला की हाताला येईल ते तो फेकायचा, आणि मला आला की मीही फेकायचे. माझा नेम त्याच्यापेक्षा बरा होता. शहाद्याच्या एका कापसाच्या जिनात तो इंजिनवाला होता आणि मी रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, कापूस घालायला जायचे. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि दिवसभर नाकात तुसं. मालकाने आम्हाला इंजिनघराला लागून एक खोली दिली होती. इंजिन चालू असलं की आमची भांडणं बाहेर ऐकू जात नसत, त्यामुळे ती खोली आम्हा दोघांनाही सोयीची होती.

माझा धाकटा भाऊ त्याच जिनात बोद भरायचा. बोद म्हणजे माणसाहून उंच असं गोणपाटाचं पोतं. ते तोंडाशी टांगायचं, माणसाने आत उतरायचं, वरून रुई पडत राहायची आणि त्याने ती पायांनी तुडवत तुडवत वर यायचं. जो जास्त तुडवील, ज्याच्या बोदात जास्त माल बसेल, तो खरा गडी. माझ्या भावासारखं बोद तुडवणारा तापीच्या दोन्ही काठांना नव्हता. अंगाने दांडगा, मांड्या खांबासारख्या, आणि तुडवताना मोठ्याने गायचा. जिनातल्या बाया त्याला मुद्दाम डिवचायच्या आणि तो आणखी जोराने पाय आपटायचा.

या दोघांचं पटत नव्हतं, आणि त्याला कारण मीच होते. एकदा नवऱ्याने पळी फेकली, ती माझ्या कपाळाला लागली. आधी मी त्याला तांब्या मारला होता हे भावाला कोण सांगणार? त्याने फक्त माझं कपाळ पाहिलं. बोदातून तसाच निघून आला, केसांत रुई, आणि एका बुक्कीत त्याने नवऱ्याचा पुढचा दात पाडला. तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नसत. बोलायचं असलं तर माझ्याकडे बघून बोलायचे. नवरा म्हणायचा, एक दिवस याला मी जिवंत सोडणार नाही. भाऊही तेच म्हणायचा. मी दोघांनाही शिव्या घालायचे आणि दोघांनाही जेवायला वाढायचे. त्या वर्षी लाभपंचमीला ते दोघं एका लोखंडी टाकीत अडकले आणि बाहेर मी होते, माझं माहेर आणि सासर त्या एका टाकीत.

टाकी काय होती ते सांगायला हवं. आमचं इंजिन वाफेवर नव्हे, कोळशाच्या गॅसवर चालायचं. सातपुड्यातून लाकडी कोळसा यायचा, तो भट्टीत धुमसायचा आणि इंजिन स्वतःच तो गॅस ओढून घ्यायचं. पण भट्टीतून निघालेला गॅस तापलेला, राखेने आणि डांबराने भरलेला. तसाच गेला तर इंजिनाचा गळा धरणार. म्हणून मधे ही टाकी, दोन पुरुष उंच, आत कोकाचे, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाचे, खडे भरलेले. वरून पाण्याची झारी, खालून गॅस. पाणी खड्यांवरून ओघळत खाली यायचं, गॅस त्याच खड्यांमधून वर चढायचा, आणि जाता जाता धुतला जायचा. एकाच वाटेने एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने चढायचं.

मी एकदा नवऱ्याला विचारलं, कोकच कशाला, टाकी नुसती पाण्याने का नाही भरत? त्याला असं काही विचारलं की बरं वाटायचं, पण समजावतानाही तो चिडल्यासारखाच बोलायचा. उठला, माझी चाळणी घेतली, तिच्यात अंगणातले खडे भरले आणि वरून पाणी ओतलं. पाणी सरसर खाली गेलं. "आता यातून खालून फुंकर मार. जाते ना वर?" मग त्याने खडे ओतून टाकले, डब्यातलं ज्वारीचं पीठ त्याच चाळणीत थापलं आणि पाणी ओतलं. पाणी वरच तळं होऊन बसलं. "आता फुंक. गॅस वर जाणार नाही आणि पाणी खाली येणार नाही. वरून ओढ लागली की पाणी उलटं वरच चढत जाईल." दोन दिवसांचं पीठ होतं ते. ती चाळणी मी त्याच्या डोक्यात घातली. पण समजलं ते मात्र आजवर विसरले नाही.

टाकी आमच्याच भिंतीला टेकून होती. ती बरोबर चालली असली की भिंतीतून बारीक झिरझिर ऐकू यायची. पाणी वाजवीपेक्षा जास्त सोडलं किंवा इंजिनाची ओढ वाढली की त्या आवाजात गुडगुड मिसळायची. "गुळण्या करतेय," म्हणून तो जेवता जेवता उठून पळायचा, पाण्याचा नळ थोडा फिरवायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. बायकोच्या हाकेला जो कधी उठला नाही तो टाकीच्या गुळण्यांना उठायचा, यावरूनही आमची एकदा जुंपली होती.

कापूस आलेला असो वा नसो, हंगाम सुरू व्हायचा तो लाभपंचमीलाच. शेठ गुजराती, दिवाळीनंतरच्या पंचमीचा त्याचा मुहूर्त कधी चुकायचा नाही. त्या साली टाकीतला जुना कोक कुजून बारीक झाला होता, म्हणून नवऱ्याने पावसाळ्यातच तो काढून टाकला होता. नवा कोक आगगाडीने नंदुरबारला उतरला आणि तिथून प्रकाशा गावाशी तापी ओलांडून गाड्यांनी आला. तोवर इंजिनाचा एक व्हॉल्व्ह खराब झालेला, तो घडवून आणायला नवरा दिवाळीतच सुरतेला गेला. मागे शेठने मुकादमाला फर्मावलं की मुहूर्ताच्या आत टाकी भरून ठेव. कापूस यायचा होता, बोदवाले रिकामे बसले होते. मुकादमाने माझ्या भावाला टाकीत उतरवलं.

त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. पायांना गोणपाट गुंडाळलं आणि वरून पडणारा कोक तुडवायला लागला. तुडवतोय, गातोय, आणि वर मुकादम टोपल्या ओततोय. कोकाचे कडाकडा तुकडे होत होते, त्या तुकड्यांचा चुरा होत होता, चुऱ्याने सगळ्या फटी बुजत होत्या, आणि तो खूश होता की माल बसतोय. जेवढा कोक आला होता तेवढा सगळा त्याने आत बसवला. मुकादम म्हणाला, शाबास. संध्याकाळी भाऊ माझ्या दारात आला तेव्हा गुडघ्यापर्यंत काळाकुट्ट होता.

"देख बाई," तो म्हणाला, "सगळा कोक बसाडी दिन्हा. एक टोपलंभी ऱ्हायनं नही."

मी हसले. म्हटलं, पाय धू आधी, माझं सारवलेलं अंगण आहे. बादली दिली, तो पाय घासत बसला. तुडवलं म्हणजे काय केलं, हे मी विचारलं नाही, आणि बोदवाला टाकीत उतरून आणखी काय करणार ते न विचारताही कळायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. मी दिवसभर दिवाळीच्या राहिलेल्या रांधण्यात होते.

लाभपंचमीला सकाळी नवरा आला तोच गाडीवानाशी भांडत. नावेला उशीर झाला होता. जिनाच्या फाटकापासून वेशीपर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या, बैल फुरफुरतायत, शेठ नवी टोपी घालून हातात नारळ घेऊन उभा. टाकीला हळदकुंकू लावून वर झाकणावर झेंडूची माळ घातली होती. नवऱ्याने मुकादमाला विचारलं, टाकी भरली? मुकादम म्हणाला, भरली. झाकण उघडू का म्हटलं तर शेठ म्हणाला, पूजा झालीय, आता झाकण कशाला उघडतोस, मुहूर्त टळतो. नवऱ्याने व्हॉल्व्ह बसवला, भट्टी फुलवली, गॅस पेटवून त्याची ज्योत बघितली आणि इंजिन सुरू केलं. वाजंत्री वाजायला लागली. रेचे फिरायला लागले.

मी शेठच्या बायकोने मागितलेली परात आणायला खोलीत गेले. परात उचलली आणि माझं भिंतीकडे लक्ष गेलं. भिंत गप्प होती. इंजिन धडधडत होतं आणि भिंतीत झिरझिर नव्हती. मी कान लावला. मग आतून कोणीतरी मोठ्याने पाणी गिळावं तसा एक आवाज आला, आणि तो खालून नव्हता, वरून होता, झाकणाच्या जवळून. मला ती चाळणी आठवली. मी परात टाकून धावले, ओरडत धावले, "बंद कर, पाणी वर चढलं." वाजंत्रीवाल्यांनी मला मुहूर्ताच्या आनंदात नाचणारी समजून ढोल आणखी बडवला.

त्याने माझं तोंड पाहिलं आणि वळला. हात नळापर्यंत पोचायच्या आत टाकीतलं पाणी नळीतून इंजिनाने ओढून घेतलं. गॅस दाबला जातो, पाणी दाबलं जात नाही. दट्ट्या त्या पाण्यावर जाऊन आदळला आणि इंजिनाचं बिडाचं तोंड फुटलं. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. एक तुकडा पत्र्याचं छप्पर फाडून बाहेर गेला आणि फाटकात उभ्या बैलाच्या पुढच्या पायावर बसला. पट्टा सुटून सापासारखा फिरला आणि एका बाईच्या पाठीची साल काढून गेला. बैल हंबरत पडला, त्याची जोडी जू मोडून पळाली, मागच्या गाड्या एकमेकींवर चढल्या. शेतकरी पराण्या घेऊन आत घुसले. कोण कोणाला मारतंय ते कळत नव्हतं. मुकादमाला दोन पराण्या बसल्या, त्या त्याला बसल्या याचं मला आजही बरं वाटतं.

मार चुकवायला मुकादमाने बोट दाखवलं. "टाकी त्यानी भरी. तुडवी तुडवी भरी."

नवऱ्याच्या कपाळातून रक्त येत होतं. तो भावापुढे गेला आणि पहिल्यांदा माझ्याकडे न बघता थेट त्याच्याशी बोलला. "जाणून केलंस. दातावर भागलं नाही म्हणून." हातात मोठा पाना होता. तो त्याने भावाच्या खांद्यावर घातला. पुन्हा घातला. हाड वाजलेलं मी ऐकलं. मी मधे पडले तर मला ढकललं. मला वाटलं, आज एक जण जाणार. भावाने हात उचलला असता तर नवऱ्याचं काही खरं नव्हतं. पण भाऊ हात खाली सोडून उभा होता, तोंड पांढरं, आणि फुटलेल्या इंजिनाकडे बघत होता.

"मन्ही चूक शे, दाजी," तो म्हणाला. "मीच भरी. मीच काढसू."

त्याने एका हाताने फावडं उचललं, दुसरा हात लोंबत होता. शिडी चढला, माळ फेकली, झाकण उघडलं आणि आत उतरला. इतक्या गोंधळात त्याला अडवायचं कोणाच्या डोक्यात येणार? नवरा बैलाच्या मालकाशी झोंबत होता. भट्टी तशीच धुमसत होती. इंजिन चालू होतं तोवर त्याच्या ओढीने पाणी वर अडून राहिलं होतं. इंजिन थांबल्यावर ते हळूहळू मुरायला लागलं, तशी खाली कोंडलेल्या गॅसला वाट मिळाली आणि तो बुडबुड्यांनी वर यायला लागला. त्या गॅसला रंग नाही, वास नाही, पण तो माणूस मारतो. हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं. माझ्या भावाला माहीत नव्हतं.

फावड्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र. मग तो थांबला. नवऱ्याने बैलवाल्याची गचांडी सोडली. त्याने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग असा काही गेला की मला तो क्षणभर ओळखू आला नाही. पाना कमरेला खोचून तो भट्टीची झडप बंद करायला धावला, तिथून शिडीवर चढला, झाकणातून आत बघितलं आणि माझं नाव घेऊन ओरडला. "खालचं दार उघड. खालचं दार." आणि तोंडाला धोतराचा सोगा लावून आत गेला.

टाकीच्या बुडाशी कोक काढायचं बिडाचं दार होतं, नटांनी आवळलेलं. तो पाना हवा होता आणि पाना त्याच्या कमरेला होता. मी लोहाराचा घण उचलला. शेठ हात पसरून दारापुढे आला. "बाई, ए टाकी विलायतनी छे. फूटशे तो आखी मोसम गई."

"बाजूले सरा, शेठ. मन्हा भाऊ मझार शे, मन्हा नवरा मझार शे."

तो सरला नाही. मी घण उचलला आणि घातला. तो सरला म्हणून वाचला. मी नेम बदलणार नव्हते. पहिल्या घावाला दाराला काही झालं नाही. माझ्या हातांना झिणझिण्या आल्या. वर नवऱ्याने भावाला खांद्यावर घेऊन झाकणाकडे रेटलं होतं, झाकणातून भावाचं डोकं दिसत होतं, मान टाकलेली. दोन बोदवाले शिडीवर चढून त्याचे केस आणि दंड धरून ओढत होते, पण एवढा दांडगा माणूस, भोकातून येईना. खालून नवरा खोकत होता आणि रेटत होता. मी घाव घालत होते आणि प्रत्येक घावाला शेठला, मुकादमाला, भावाला, नवऱ्याला, लाभपंचमीला शिव्या देत होते. दाराला तडा गेला. आणखी एक घाव, आणि दार फुटलं.

काळं पाणी माझ्या छातीवर आलं आणि मी उताणी पडले. बिडाच्या तुकड्याने दंड फाटला. पाण्यामागे कोक येईल असं वाटलं होतं, पण तो आला नाही. भिंतीसारखा घट्ट उभा होता. माझ्या भावाचं काम होतं ते. मी नखांनी उकरायला लागले, बाया आल्या, त्याही उकरायला लागल्या, हातांची सालं निघाली. हवा आत शिरायला तेवढं भोक पडेपर्यंत वर भाऊ बाहेर निघाला होता. त्यांनी त्याला दोराने खाली सोडलं, तो ओकला आणि श्वास घेऊ लागला. मी विचारलं, आणि माझा नवरा? शिडीवरचा माणूस अजून आत बघत होता.

नवऱ्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचे गाल लाल होते, नुकताच भांडून आल्यासारखे. मी त्याला थपडा मारल्या. नेहमी त्याने उठून मला मारलं असतं. मी खूप मारलं. शेवटी बायांनी मला धरून बाजूला नेलं.

पुढचं लवकर आटोपते. टाकी फोडल्याबद्दल मला तुरुंगात घालीन म्हणणारा शेठ माणूस मेलाय म्हटल्यावर गप्प झाला. चौकशी झाली असती तर त्यालाच जड गेलं असतं. खोली माझ्याकडे राहिली, रेच्यावरची जागाही. भाऊ त्याच जिनात सरकी ओढायला लागला. बोदात तो पुन्हा उतरला नाही. त्याला भाकरी मी दाराबाहेर ठेवायचे. वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. मारलंही नाही, आणि ज्याला आपण मारतही नाही तो माणूस आपल्याला किती नकोसा झालेला असतो, हे आमच्या घरातल्या माणसाला चांगलं समजतं. तो मेला असता आणि नवरा जगला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वेळा वाटलं. मग स्वतःची चीड यायची, आणि तीही त्याच्यावरच निघायची.

पुढच्या दिवाळीच्या आत नवी टाकी आली, नवं इंजिन आलं, नवा इंजिनवाला आला. टाकी भरायची म्हटल्यावर भाऊ पुढे झाला. मुकादम टोपल्या ओतायला लागला तर त्याने मुकादमाचा हात पिरगाळला. त्याने टाकीच्या आत आडवी फळी टाकून घेतली, तिच्यावर पालथा झोपून तो एकेक खडा हाताने खाली ठेवू लागला, मोठे खाली, बारीक वर, आणि भरेल तशी फळी वर सरकवत गेला. कोणालाही त्याने कोकाला हात लावू दिला नाही. बोदवाले हसले. शेठ घाई करून थकला. मी रेच्यावरून बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

इंजिन सुरू झालं तेव्हा मी खोलीत होते. भिंतीतून झिरझिर आली. बारीक, सारखी, गुळणी नाही, खंड नाही. मी ताट वाढायला उठले, दोन ताटं, आणि दुसरं ताट हातात घेतल्यावर कळलं की मी काय करते आहे.

दारात भाऊ उभा होता. आत आला नाही.

"बाई," तो म्हणाला, "आवाज बरा शे का?"

मी ताट खाली ठेवलं, दारात गेले आणि त्याच्या थोबाडीत मारली. हात सणकून दुखला. तो हलला नाही. रडायला लागला, पण तोंडावर जे दिसत होतं ते दुःख नव्हतं. वर्षभर तो याचीच वाट बघत होता.

"बरा शे," मी म्हटलं. "आत ये. पाय धू."

सवयीने मी बादली त्याच्या पायांशी ठेवली. पण त्याचे पाय स्वच्छ होते, कोकाचा कणही नव्हता. काळे होते ते हात, कोपरापर्यंत, आणि बोटं सगळी चिरलेली. मी तांब्याने त्याच्या हातांवर पाणी घातलं.